ट्रॅक्टरच्या एअर फिल्टरची घरच्या घरी निगा



सकाळी गोठ्यात गेलं की आपण जनावरापुढची वैरण बघतो, पाणी बघतो, जनावर सुस्त वाटलं तर नाक-डोळे बघतो. ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र टाकीत डिझेल आहे ना, मग झालं, असं धरून चालतो. डिझेल ही त्याची वैरण खरी. पण डिझेलच्या कितीतरी पट जास्त तो हवा खातो. आणि ही हवा कुठली, तर आपल्याच शेतातली, नांगरटीत उडालेल्या मातीची, मळणीतल्या भुश्याची. ती गाळून स्वच्छ करून इंजिनात सोडायचं काम एअर फिल्टर करतो. एअर फिल्टर म्हणजे ट्रॅक्टरचं नाकच म्हणा ना.

हे नाक साफ ठेवायला मिस्त्री लागत नाही आणि गॅरेजही लागत नाही. एक घमेलं, थोडं डिझेल, स्वच्छ फडकं, नवं तेल आणि अर्धा-पाऊण तास वेळ एवढ्यावर काम होतं. ते कसं करायचं, कधी करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, ते या पत्रकात सांगितलं आहे.

इंजिन किती हवा खातं?

एक लिटर डिझेल पूर्ण जळायला कमीत कमी सुमारे १० हजार लिटर हवा लागते. आपल्याकडे २०० लिटरची पिंपं असतात, तशी ५० पिंपं भरून हवा झाली ही, आणि ती फक्त एक लिटर डिझेलसाठी. प्रत्यक्षात डिझेल इंजिन याहून जास्तच हवा ओढतं.

दुसरा हिशेब बघा. तुमच्या ट्रॅक्टरचं इंजिन अडीच लिटरचं, म्हणजे २५०० सीसीचं आहे असं धरा. ते मिनिटाला २००० फेऱ्यांवर चाललं, तर दर दोन फेऱ्यांत एकदा सगळे सिलिंडर भरून हवा आत घेतात. म्हणजे मिनिटाला २००० लिटरच्या वर हवा आत गेली. तासाला हा आकडा सव्वा लाख लिटरच्या आसपास जातो. दिवसभर रोटाव्हेटर चालवला तर किती हवा आणि किती धूळ त्या नाकातून गेली असेल, त्याचा अंदाज तुम्हीच करा.

धूळ आत गेली तर बिघडतं काय?

मातीच्या धुळीत वाळूचे, गारगोटीचे बारीक कण असतात. ते डोळ्याला दिसत नाहीत, पण इंजिनातल्या लोखंडापेक्षा कठीण असतात. सिलिंडरच्या आतल्या लायनरवर तेलाचा पातळ थर असतो. त्या तेलात ही धूळ मिसळली की त्याचा घासायचा मसाला तयार होतो. मिस्त्री व्हॉल्व्ह घासायला जी पेस्ट वापरतात, तसाच. मग पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वर-खाली होत राहतो आणि प्रत्येक वेळी रिंग आणि लायनर थोडे थोडे झिजतात. ही धूळ तिथंच थांबत नाही. इंजिन ऑइलबरोबर ती खाली उतरते आणि बेअरिंगांपर्यंत पोचते.

मग काय होतं? कॉम्प्रेशन कमी पडतं, सकाळी ट्रॅक्टर लवकर चालू होत नाही, ओढ कमी होते, इंजिन ऑइल खायला लागतं, आणि शेवटी मिस्त्री सांगतो, 'इंजिन खोलावं लागेल.' हे बहुतेक वेळा नेमकं पेरणीच्या तोंडावर घडतं. पाऊस झालेला, वाफसा आलेला, आणि ट्रॅक्टर गॅरेजात. वर बँकेचा हप्ता चालूच. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे त्यानं भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं. हे सगळं वाचतं ते वाटीभर स्वच्छ तेलानं आणि एका चांगल्या क्लिपानं.

तुमच्या ट्रॅक्टरवर कोणता फिल्टर आहे?

मुख्य प्रकार दोन. एक तेलाचा, ज्याला ऑइल बाथ म्हणतात. याच्या खाली तेलाची वाटी असते आणि आत तारेची जाळी असते. जुन्या ट्रॅक्टरांवर आणि विहिरीवरच्या बऱ्याच डिझेल इंजिनांवर हाच असतो. दुसरा कोरडा, म्हणजे घड्या घातलेल्या जाड कागदाचा. नव्या ट्रॅक्टरांवर हा जास्त दिसतो. दोन्हींची निगा वेगवेगळी आहे, किंबहुना एकमेकांच्या उलट आहे. तेव्हा आधी आपला कोणता ते बघून घ्या. ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तकात त्याचं चित्र आणि साफ करण्याचे तास दिलेले असतात. पुस्तकात जे दिलं असेल ते पहिलं, आणि आमचं सांगणं त्याच्या जोडीला.

तेलाचा फिल्टर काम कसा करतो?

हवा आधी वरच्या टोपीतून, म्हणजे प्री-क्लीनरमधून आत येते. काडी-कचरा आणि जाड धूळ तिथंच अडते. मग मधल्या नळीतून हवा जोरात खाली तेलाच्या वाटीवर आपटते आणि तिथून एकदम उलटी वर वळते. हवा हलकी, ती वळते. धूळ जड, तिला वळता येत नाही. ती तेलात पडते आणि गाळ होऊन तळाशी बसते. तेलाचे शिंतोडे वर उडून तारेची जाळी ओली राहते. उरलीसुरली बारीक धूळ त्या ओल्या जाळीला चिकटते आणि तेल निथळताना तेलाबरोबर खाली वाटीत येते.

यावरून तीन गोष्टी ध्यानात येतील. तेल कमी पडलं तर जाळी कोरडी राहते आणि धूळ सरळ इंजिनात जाते. तेल गाळानं घट्ट झालं तर ते धूळ धरत नाही. आणि तेल जास्त झालं तर इंजिन हवेबरोबर तेलही ओढून घेतं. हे शेवटचं सगळ्यात धोक्याचं. आत गेलेलं तेल डिझेलसारखं जळतं आणि इंजिन आपोआप पळत सुटतं. बंद करायचा दांडा ओढला तरी ऐकत नाही, कारण दांडा फक्त पंपाचं डिझेल तोडतो, हे तेल नाही.

मध्य प्रदेशात बुदनी इथं केंद्र सरकारची शेतीयंत्रांचं प्रशिक्षण आणि चाचणी करणारी संस्था १९५५ सालापासून आहे. तिथं ट्रॅक्टरची परीक्षा घेताना तेलाच्या फिल्टरमधलं तेल इंजिन ओढतं का, हे ट्रॅक्टर सपाट आणि कलता उभा करून मुद्दाम तपासतात. यावरून तेलाच्या खुणेला किती महत्त्व आहे ते कळावं. 'थोडं जास्त असलेलं बरं' हा हिशेब इथं चालत नाही.

तेलाचा फिल्टर साफ करायची रीत

शक्यतो सकाळी, इंजिन थंड असताना हे काम करा. रात्रभरात जाळीतलं तेल निथळून वाटीत आलेलं असतं, त्यामुळे पातळीही खरी दिसते. कामाच्या मध्ये करायचं झालं तर इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबा. सायलेन्सर तापलेला असतो, हात सांभाळा.

१. ट्रॅक्टर सपाट जागी, वारा आणि धूळ नसेल तिथं उभा करा. चावी काढून घ्या.

२. फिल्टर बाहेरून फडक्यानं पुसून घ्या. हे विसरू नका, नाहीतर उघडताना बाहेरचीच धूळ आत पडायची.

३. प्री-क्लीनरची टोपी काढून त्यातली धूळ, भुसा झटकून टाका. काचेची किंवा प्लॅस्टिकची वाटी असेल तर ती कोरड्या फडक्यानं पुसा. हिच्यात तेल घालायचं नसतं.

४. खालच्या वाटीच्या क्लिपा सोडवा आणि वाटी दोन्ही हातांनी सरळ खाली उतरवा. तळाशी किती गाळ आहे ते बघा. गाळ साधारण एक सेंटिमीटर झाला असेल किंवा तेल चिखलासारखं दाट झालं असेल, तर तेल बदलायलाच हवं. तेल पांढरट, ताकासारखं दिसलं तर पाणी गेलं आहे असं समजा. तेही टाकून द्या.

५. जुनं तेल डब्यात काढून घ्या. ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. थोड्या तेलानंही पाणी नासतं. डबा भरला की जळकं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्या.

६. वाटी आणि सुटी निघणारी जाळी घमेल्यात डिझेल घेऊन ब्रशनं धुवा. पेट्रोल वापरू नका, भडका उडतो. जवळ विडी-काडी, चूल नको. डिझेल मळलं की बदलून पुन्हा एकदा धुवा.

७. जाळी उभी ठेवून पूर्ण निथळू द्या. घाई करू नका. जाळीत डिझेल राहिलं तर तेही इंजिन ओढून घेतं आणि वर सांगितलेला प्रकार होतो. वाटी फडक्यानं कोरडी करा. सूत सुटणारं फडकं नको.

८. मधल्या नळीत काडी, भुसा, कुंभारमाशीचं मातीचं घर अडकलं आहे का ते बघा. उन्हाळ्यात ट्रॅक्टर महिनाभर उभा राहिला असेल तर हे हमखास बघा.

९. वाटीत खुणेपर्यंत नवं तेल भरा. पुस्तकात जे इंजिन ऑइल सांगितलं असेल तेच. खुणेच्या वर नाही आणि खालीही नाही.

१०. वाटीचा रबरी वायसर बसका किंवा चिरलेला असेल तर बदला. वाटी नीट बसवून क्लिपा आवळा. सगळीकडून सारखी बसली आहे ना, ते बोट फिरवून बघा.

फिल्टरच्या अंगात जी कायमची बसवलेली जाळी असते, ती अशी दर वेळी धुता येत नाही. वर्षातून एकदा, मळणी-नांगरटीचा हंगाम संपला की सगळा फिल्टर उतरवून डिझेलमध्ये बुडवून धुवा, निथळून कोरडा करा आणि मगच चढवा.

कोरड्या फिल्टरची रीत वेगळी

यात बाहेरचा मोठा कागदी फिल्टर आणि बहुतेक ठिकाणी त्याच्या आत एक लहान फिल्टर असतो. बाहेरचा साफ करता येतो. आतला मात्र राखणदार आहे. बाहेरचा फाटला तर इंजिन वाचावं म्हणून तो बसवलेला असतो. त्याला हवा मारायची नाही, झटकायचा नाही, धुवायचा तर मुळीच नाही. पुस्तकात सांगितलेल्या वेळी नवाच बसवायचा.

कोरडा फिल्टर रोज उघडू नका. हे ऐकून नवल वाटेल, पण कारण साधं आहे. कागदावर थोडी धूळ बसली की तो उलट जास्त बारीक गाळतो. शिवाय दर वेळी उघडताना थोडी धूळ आत सांडतेच आणि कडेचं रबर सैल होतं. तेव्हा पुस्तकात सांगितलेले तास झाले किंवा फिल्टर बुजल्याची खूण दिसली, की मगच उघडा. काही ट्रॅक्टरांवर यासाठी लाल पट्टी दिसणारा इंडिकेटर असतो, काहींवर मीटरजवळ दिवा असतो.

रोज करायचं ते एवढंच: फिल्टरच्या डब्याखाली रबराचं लहान तोंड असेल, तर ते बोटांनी दाबा. साचलेली धूळ खाली पडते. ते रबर फाटलं किंवा हरवलं असेल तर लगेच नवं घ्या.

साफ करताना बाहेरचा फिल्टर हळूच काढून तळहातावर अलगद आपटा. टायरवर, दगडावर आपटू नका, त्यानं कडेचा पत्रा चेपतो आणि मग फिल्टर नीट बसत नाही. हवा मारायची असेल तर नेहमी आतून बाहेर मारा. बाहेरून मारली की धूळ कागदात आणखी खोल जाते. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब देऊ नका. दाब २ किलोच्या आत ठेवा आणि नोझल कागदाला टेकवू नका. पेट्रोल, डिझेल, तेल यांतलं काहीही या कागदाला लावायचं नाही.

साफ झाल्यावर घरात अंधाऱ्या खोलीत जा. फिल्टरच्या आत बॅटरी पेटवून धरा आणि बाहेरून सगळीकडून फिरवून बघा. सगळीकडे सारखा मंद उजेड दिसला तर कागद शाबूत आहे. कुठं ठळक ठिपका चमकला तर तिथं भोक आहे. तो फिल्टर चिकटवून वापरायचा नाही. नवा आणा. शाबूत फिल्टरही किती वेळा साफ करून चालतो, ते पुस्तकात दिलेलं असतं. दर वेळी खोक्यावर पेनानं एक रेघ ओढून ठेवा, म्हणजे हिशेब राहतो.

खरा चोर मागच्या दारानं येतो

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बुजलेला फिल्टर गप्प बसत नाही. काळा धूर निघतो, ओढ कमी होते, डिझेल जास्त जातं. तो ओरडून सांगतो, 'मला साफ करा.' पण गळका फिल्टर काहीच बोलत नाही. धूर काळा होत नाही, ओढ कमी होत नाही, उलट इंजिन मोकळं चालल्यासारखं वाटतं. आणि आतून ते दररोज झिजत असतं. कळतं तेव्हा रिंग-लायनर गेलेले असतात.

ही गळती बहुधा फिल्टरमध्ये नसते. ती असते फिल्टरपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या रबरी नळीत. उन्हानं आणि तापानं रबर कडक होतं, खालच्या बाजूला, जिथं नजर जात नाही तिथं चिरतं. क्लिप सैल होते. कोणीतरी क्लिपाऐवजी तार गुंडाळलेली असते. तिथून गाळलेली नव्हे, सरळ शेतातली धूळ आत जाते. फिल्टर कितीही लखलखीत ठेवलात तरी ही वाट उघडी असेल तर सगळे कष्ट वाया.

म्हणून फिल्टर साफ कराल तेव्हा ही नळी दाबून, वाकवून, खालून हात फिरवून बघा. महिन्यातून एकदा तिची इंजिनाकडची बाजू बाहेरून पुसून सोडवा आणि आत पांढरं फडकं गुंडाळलेलं बोट फिरवा. फडकं स्वच्छ निघालं तर निर्धास्त राहा. फडक्यावर माती आली तर ट्रॅक्टर तिथंच थांबवा. कुठून आली ते शोधल्याशिवाय चालू करू नका. चिरलेल्या नळीला चिकटपट्टी लावून हंगाम काढू नका. नवी नळी आणि दोन स्क्रूच्या क्लिपा एवढाच खर्च आहे.

धूर बघून काय समजावं?

ओझ्यावर असताना सतत काळा धूर येत असेल, तर हवा कमी पडते आहे किंवा डिझेल जास्त पडतं आहे. आधी एअर फिल्टर बघा. बरेच जण सरळ पंप आणि नोझल खोलायला देतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं होतं ते. फिल्टर साफ करूनही धूर राहिला, तरच मिस्त्रीकडे जा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतं आहे. तेलाच्या फिल्टरची पातळी खुणेवर गेली आहे का ते बघा. तिथं ठीक असेल तर रिंग-लायनरची झीज सुरू झाली असेल, मिस्त्रीला दाखवा.

हंगामाप्रमाणे काळजी

तेलाचा फिल्टर असेल तर रोज काम सुरू करण्याआधी तेलाची पातळी आणि गाळ बघावा. उन्हाळी नांगरट, रोटाव्हेटर, कच्च्या रस्त्यावरची ट्रॉली, अशा धुळीच्या कामात तेल रोजसुद्धा बदलावं लागतं. मळणीच्या वेळी ट्रॅक्टर भुसा उडतो त्या बाजूला उभा करू नका, वारा ट्रॅक्टरकडून यंत्राकडे जाईल असा लावा. प्री-क्लीनरची जाळी दिवसातून दोन-तीनदा झटका. पावसाळ्यात फिल्टरचं तोंड झाका, आणि पाऊस झाला की वाटीत पाणी गेलं का ते आधी बघा. ट्रॅक्टर पाण्याच्या जोरानं धुताना त्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. चालू करण्याआधी पिशवी काढायला मात्र विसरू नका.

विहिरीवरच्या डिझेल इंजिनालाही हेच लागू आहे. ते एका जागी असतं म्हणून त्याला धूळ लागत नाही असं नाही.

नेहमीच्या काही शंका

'फिल्टर काढला की ट्रॅक्टर जास्त ओढतो. मग हंगामापुरता काढून ठेवला तर?' ओढतो, कारण तुमचा फिल्टर बुजलेला आहे. तो साफ करा, तेवढीच ओढ मिळेल. फिल्टरशिवाय इंजिन पाच मिनिटंसुद्धा चालवू नका.

'इंजिनातून काढलेलं काळं तेल वाटीत घातलं तर? नाहीतरी त्यात धूळच पडायची आहे.' नाही. ते तेल आधीच मळलेलं असतं. गाळणीच घाण असेल तर चहा स्वच्छ कसा येईल?

'कोरडा फिल्टर काढून तिथं साधं फडकं बांधलं तर?' फडकं मोठी धूळ अडवतं. इंजिन झिजवणारी बारीक धूळ त्यातून आरपार जाते.

थोडक्यात लक्षात ठेवा

तेलाचा फिल्टर रोज बघा. कोरड्याला उगीच उघडू नका.
तेल खुणेपर्यंतच. जास्त तेल कमी तेलाइतकंच वाईट.
आतला लहान फिल्टर साफ करायचा नाही, बदलायचा.
फिल्टरइतकीच रबरी नळीची आणि क्लिपांची काळजी घ्या.
नळीत बोटाला माती लागली, तर ट्रॅक्टर उभा करा.

हे पत्रक ट्रॅक्टरच्या पेटीत, पुस्तकाजवळ ठेवा. ट्रॅक्टर चालवणारा दुसरा कोणी असेल, मुलगा असो की ठेवलेला ड्रायव्हर, त्याला एकदा वाचून दाखवा आणि पुढच्या खेपेला त्याच्याच हातून फिल्टर साफ करून घ्या. आज संध्याकाळी ट्रॅक्टर घरी आला की इंजिन थंड होऊ द्या आणि उद्या सकाळी, दूध काढून झालं की, वाटी उतरवून बघा. तळाशी काय साचलंय ते एकदा डोळ्यांनी बघितलंत, की पुन्हा कुणी सांगायची गरज राहणार नाही.

रामराम.